वारुळाची हद्द

जमिनीची वाटणी करताना शहाणी माणसं दगड रोवतात. या दोघा भावांच्या बापाने वारूळ धरलं. वरच्या अंगाला रस्त्याकडेचा धोंडा, खालच्या अंगाला ओढ्याकाठचं झाड आणि मध्ये, जिथं रेघ जराशी वाकते तिथं, माणसापेक्षा उंच वारूळ. म्हातारा जायच्या आधी दोघांना शेतात घेऊन गेला आणि काठी रोखून म्हणाला, "वारुळाच्या पलीकडे थोरला, अलीकडे धाकटा. भांडू नका." हद्द म्हणून जिवंत वस्तू धरली की कधी ना कधी ती घोटाळा करणार, हे त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी दगड वाहून आणायचा त्याला कंटाळाच आला असता, असं धाकटी म्हणायची.

धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. तोंडाने फटकळ आणि हाताने चलाख. तिचा नवरा शेती सांभाळून गवंडीकाम करायचा, थोरला दीर मात्र जन्मभर नांगरामागे चालला. घरं शेजारी शेजारी, चुली वेगळ्या, भिंत एक. वारुळाच्या अलीकडची जमीन का कोण जाणे कायम ओलसर राहायची. तिथं धाकटीने भेंडी, मिरची आणि दोडक्याचे वेल लावले होते. बाकी शेताला भेगा पडल्या तरी तेवढा तुकडा हिरवा असायचा, आणि घरात ताटात जे काही हिरवं पडायचं ते तिथलंच असायचं. भांडी धुतलेलं पाणीसुद्धा ती डोक्यावर वाहून त्या वेलांना घालायची.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. गावाची बैठक पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. सकाळीच पत्रा असा तापायचा की भांडण मिटवायला आलेली माणसं दुप्पट तापून घरी जायची. शेवटी गावचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्याने, ज्याला सगळे कारभारीच म्हणत, नव्या सभाघराची मंजुरी आणली. मंजुरीबरोबर शहरातून एक बाई आली. बगलेत कागदांची गुंडाळी, डोक्याला रुमाल, पायात पोरांचे असतात तसे बूट. संध्याकाळपर्यंत गावाने तिचं नाव नकाशेबाई करून टाकलं.

नकाशेबाईने पहिल्याच बैठकीत सांगितलं की सभाघराला पंखा लागणार नाही.

"मग काय, आम्ही फुंकर मारायची का?" चक्कीवाला म्हणाला. चक्कीच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे तो साधी गोष्टही ओरडूनच सांगायचा.

"वारूळ आतून बघितलंय कधी?"

"नाही बघितलं. बघायची हौसही नाही. आत नाग असतो."

"आत गारवा असतो," बाई म्हणाली. "बाहेर आग पडू दे, वाळवीच्या घरात हवा खेळती राहते. बुडाच्या भोकांतून गार हवा शिरते, तापलेली वरच्या धुराड्यातून निघून जाते. आपण तसंच बांधायचं. गोल, जाड मातीच्या भिंती, खाली झरोके, मधोमध उंच धुराडं."

"म्हणजे बाई, आम्ही वाळवी," चक्कीवाला म्हणाला, "आणि कारभारी नाग."

सगळे हसले, कारभारीही हसले, पण बाईने तेवढ्यात विचारलं की जवळपास सगळ्यात मोठं वारूळ कुठं आहे. तिला ते उभं चिरून आतून बघायचं होतं. सगळ्यांनी या दोघा भावांकडे बोट दाखवलं.

इथं जे झालं ते फक्त या दोघांच्याच हातून होऊ शकलं असतं. बाई आधी धाकट्याकडे गेली. धाकटा म्हणाला, "दादाला विचारा. तो हो म्हणाला की माझं होच आहे." बाई थोरल्याकडे गेली. थोरला म्हणाला, "धाकट्याची हरकत नसेल तर घ्या. मी मोठा आहे, मी कशाला आडवा येऊ." दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि दोघांच्या हद्दीवर करवत चालली. बदल्यात दोन्ही घरांतल्या चारही माणसांना सभाघरावर काम मिळालं, म्हणून कुणी दुसऱ्यांदा विचारही केला नाही.

धाकटीने मात्र नवऱ्याला विचारलं, "वारूळ गेल्यावर आपली हद्द कुठली?"

"हद्द काय पळून जाते का?"

"पळणार नाही. पण दिसणार कशी?"

"दादा आहे की," नवरा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

बाईने वारूळ मधोमध चिरलं. आत बोटाएवढ्या वाटांवर वाटा, माजघरासारख्या खोल्या, मातीचे पातळ पडदे. बाई गुडघ्यावर बसून नकाशे काढत राहिली, मोजत राहिली, फोटो घेत राहिली. धाकटी बघायला गेली तेव्हा तिला उगाच लाजल्यासारखं झालं, कुणाचं तरी घर भर दिवसा उघडं पाडल्यासारखं. नंतर उरलेली मातीही गाडीत भरून नेली, कारण बाईच्या मते गिलाव्याला याच्याइतकी चिकट माती मिळणं मुश्कील. शेतात उरला फक्त एक गोल, कडक, पांढुरका चट्टा.

सभाघराचं काम जोरात सुरू झालं. माती भिजवायची, भुसा टाकायचा आणि पायांनी तुडवायची. थोरला आणि थोरली, म्हणजे त्याची बायको, तुडवायला होती. धाकटा भिंत रचायचा. धाकटी घमेली वाहायची आणि दुपारनंतर गुळगुळीत दगडाने भिंत घोटायची. तुडवणाऱ्यांच्या टाचा फुटल्या, वाहणारीच्या मानेला गाठ आली. गोल भिंत धाकट्याच्या डोक्यात शिरत नव्हती. आयुष्यभर त्याने ओळंबा आणि गुण्या धरून कोपरे काढले होते आणि इथं कोपराच नव्हता. बाई मध्यभागी खुंटा ठोकून दोरी फिरवायची आणि म्हणायची, "दोरी सांगेल तिथं." धाकटा म्हणायचा, "दोरीच्या मागे जन्मभर गुरं फिरली, आता मी."

एका सकाळी धाकटी डोक्यावर गच्च भरलेलं घमेलं घेऊन फळीवरून येत होती. समोरून थोरला आला. दीर म्हणून तिनेच बाजूला सरकायचं, पण फळीवर सरकायला जागा नव्हती, म्हणून ती थांबली. तो थांबलाच नाही. सरळ आला आणि खांदा बसला. घमेलं उपडं झालं आणि डोक्यापासून पायापर्यंत ओली माती तिच्या अंगावरून ओघळली.

"कोण?" थोरला म्हणाला, आणि उत्तराची वाटही न बघता पायाने फळी चाचपत निघून गेला.

"धाकटीचा गिलावा झाला," चक्कीवाला वाटेवरून ओरडला. सगळी माणसं हसली, नकाशेबाईसुद्धा, मग तिने तोंडावर हात ठेवला.

धाकटी हौदावर तोंड धुताना रडली. माती अंगावर पडली म्हणून नाही. 'कोण?' म्हणाला म्हणून. एका भिंतीआड नांदणारी बाई, सासऱ्याच्या दुखण्यात त्याच्या बरोबरीने जागलेली, आणि 'कोण?' वारूळ गेलं तसं नातंही गेलं की काय, हे तिला कळेना. थोरल्याच्या मनात काहीतरी आलंय एवढं मात्र तिने ठरवून टाकलं.

ते ठरवलेलं खरं करायलाच जणू, कामाच्या सुट्टीदिवशी थोरल्याने शेत नांगरायला काढलं. नांगराची रेघ वरच्या धोंड्यापासून नीट आली आणि गोल चट्ट्याच्या जवळ येऊन वळली, ती थेट धाकटीच्या मिरच्यांत. अर्धा वाफा ढेकळांखाली गेला. धाकटी धावत आली तोवर बैल ओढ्याकडे पोचले होते.

"अहो जाऊबाई, हे काय?" ती तिथं उभ्या असलेल्या थोरलीला म्हणाली. "डोळे आहेत की कवड्या?"

थोरलीचं तोंड उतरलं. "नांगर जरा सरला असेल गं."

"सरायला काय, तो दारुडा आहे?"

"बैल बुजले असतील," थोरली म्हणाली आणि खाली बसून मातीतून रोपं उकरायला लागली. धाकटीने तिच्या हातातली रोपं काढून घेतली.

रात्री तिने नवऱ्याला सुनावलं तर तो भाकरीकडे बघत बसला. "मला त्याने खांद्यावर बसवून वाढवलंय. चार मिरच्यांसाठी त्याच्यासमोर तोंड उघडू?"

"आज मिरच्या, उद्या दोडका, परवा उंबरठा."

"आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हाने शेतात चिटपाखरू नसताना, धाकटी लाकडी खुंटी आणि दगड घेऊन गेली. चट्ट्याच्या बरोबर मधोमध खुंटी ठोकायची, एवढंच मनात होतं. ती तिथं उभीही राहिली. मग तिला फळीवरचं हसू आठवलं आणि ते 'कोण?' आठवलं. ती दोन हात पलीकडे गेली, थोरल्याच्या रानात, आणि तिथं खुंटी ठोकली. मग कुदळीने चट्टा खणून काढला, वर दोन घागरी पाणी ओतलं आणि दोडक्याचा एक वेल ओढून त्यावर आणला. काम झाल्यावर तिला बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं कुठं गेलं ते तिला सापडेना.

पण खुंटी एकदा ठोकली की तिच्या बाजूने बोलावंच लागतं. थोरलीने दोन दिवसांनी विचारलं, "ही खुंटी कुणी ठोकली?"

"वारूळ होतं तिथं आहे."

"वारूळ एवढं आमच्या अंगाला नव्हतं बाई."

"मग कुठं होतं? दाखवा की."

थोरलीने इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळीकडं सारखीच ढेकळं आणि सारखाच पाला. तिने एकदा बोट केलं, मग मागे घेतलं. "यांना विचारून सांगते," ती म्हणाली. सांगायला मात्र कुणी आलं नाही. त्या दिवसापासून दोन्ही भावांचं बोलणं बंद झालं. साइटवर एक भिंतीच्या आत काम करायचा, दुसरा बाहेर, आणि गोल भिंतीला फेरी मारता मारता समोरासमोर आले की दोघंही आकाशातले ढग शोधायचे. आकाशात ढग नव्हता.

कुणीतरी म्हणालं, नकाशेबाईने वारुळाचे एवढे नकाशे काढलेत, त्यात बघा की. कल्पना चांगली होती. चौघंजण आणि कारभारी तिच्या खोलीवर गेले. बाईने गुंडाळ्या उलगडल्या. प्रत्येक खोलीची उंची, प्रत्येक वाटेची रुंदी, हवा कुठून शिरते आणि कुठून जाते त्याचे बाण. फोटो तर ढिगाने. सगळे आतले.

"बाहेरचा एखादा?" कारभाऱ्यांनी विचारलं. "आजूबाजूचं शेत दिसेल असा?"

बाई शोधत राहिली. शोधता शोधता तिचा चेहरा पडत गेला. एका फोटोत वारुळामागे थोडं रान होतं, पण ते तिने कापून टाकलं होतं. "मला नुसतं वारूळ हवं होतं," ती म्हणाली. "ते कुठं उभं आहे याची नोंद घ्यायला हवी होती. माझं चुकलं. मला वाटलं, ते काय, सगळ्यांना ठाऊकच असणार."

"आम्हालाही तसंच वाटलं होतं," धाकटा म्हणाला. त्या गडबडीत तो भावाशेजारी उभा राहिला होता हे लक्षात आल्यावर तो दाराकडे सरकला.

धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

सभाघर पुरं झालं तसा कारभाऱ्यांनी निर्णय दिला: पहिली बैठक या भावांची. गाव लोटलं. बाहेर ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि आत पाऊल टाकताच अंगावरून ओला पंचा फिरवल्यासारखं झालं. माणसं दारातच थबकायची आणि मागच्याचा धक्का खाऊन आत यायची. पंखा नाही, पाणी नाही, तरी खालच्या झरोक्यांतून पायांना वारा लागत होता.

"बाई, बर्फ कुठं लपवलाय?" चक्कीवाल्याने विचारलं. त्याचा आवाज त्या घुमटात असा दणाणला की तो स्वतःच दचकला आणि त्यानंतर बराच वेळ गप्प राहिला. गावाने ही सभाघराची पहिली कमाई मानली.

मग बसायचं कुठं हा घोळ सुरू झाला. शेडमध्ये सगळं ठरलेलं होतं: समोर कारभारी, पुढे म्हातारे, मागे तरणे, दाराजवळ बायका. इथं समोर कुठं आणि मागे कुठं? कारभारी हातात खुर्ची घेऊन फेरी मारून आले आणि परत होते तिथंच उभे राहिले. जिथं ठेवावी तिथं कुणाची तरी पाठ होत होती. शेवटी एकेकजण भिंतीला टेकून बसायला लागला, आणि बघता बघता सगळं गाव भिंतीला चिकटलं, मधली जागा रिकामी. धाकटी नवऱ्याशेजारी बसली. बरोबर समोर, पलीकडच्या भिंतीला, थोरला आणि थोरली. एवढ्या लांबून त्यांचे चेहरे नीट दिसत होते, पण हाक मारावी लागली असती.

कारभाऱ्यांनी बोलायला सुरुवात केली. खुंटी एकीकडे आहे, म्हणणं दुसरीकडे आहे, ज्याला नक्की ठाऊक असेल त्याने सांगावं. धाकटीच्या लक्षात आलं की नवऱ्याच्या मांडीची चुळबुळ चाललीय. तो उठायच्या बेतात होता.

"काय सांगणार तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

"खरं ते. मला वाटतं ती खुंटी जरा पलीकडे गेलीय."

तिने डोकं भिंतीला टेकलं, तोंडावर पदर धरला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "गप्प बसा. खुंटी मीच ठोकलीय. दोन हात पलीकडे. आता उठलात तर गावासमोर माझी अब्रू जाईल."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. मग पुढे वाकून त्याने गुडघ्यांत तोंड घातलं.

तेवढ्यात तिच्या कानाशी कुणीतरी बोललं, "ऐकलंत?"

तिने वळून बघितलं. शेजारी भिंत होती. भिंतीपलीकडे ऊन होतं.

"तिनेच सरकवलीय," आवाज म्हणाला. तो थोरलीचा होता. "स्वतःच्या तोंडाने म्हणतेय, दोन हात."

आधी धाकटीला वाटलं की आपलं मनच खातंय. मग तिने समोर बघितलं. पार पलीकडे थोरली नवऱ्याच्या कानाशी वाकली होती, आणि तिचे ओठ हलले की इथं शब्द ऐकू येत होते. जी भिंत तिने दगडाने आरशासारखी घोटली होती ती बोलणं उचलून गोल फिरवून फक्त बरोबर समोर टेकलेल्याच्या कानाशी आणून देत होती. भिंतीला कान असतात हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं, तोंडही असतं हे तिला आज कळलं.

"कुठून बोलतेय?" थोरल्याचा आवाज आला.

"ठाऊक नाही. भिंतीतून."

"मग मी उठून सांगतो."

"काय सांगाल? कारभारी म्हणतील, चला शेतात, दाखवा कुठं होतं ते. कसं दाखवाल? फळीवर समोर आलेली धाकटी तुम्हाला दिसली नाही. नांगर तिच्या मिरच्यांत गेला तरी कळलं नाही. गावाला कळलं की शहरातल्या पोराला कळेल. तो येईल, रान विकेल आणि आपल्याला उचलून त्याच्या खोलीत नेऊन ठेवेल. तिथं तुम्ही वर्षभरही जगायचे नाही."

"तिच्याशी एकदा बोलायला हवं होतं. धडकलो तेव्हा."

"काय बोलणार होतात, आंधळा झालोय म्हणून?"

फळीवर पायाने चाचपत गेलेला तो माणूस धाकटीच्या डोळ्यांसमोर आला. तिने मनात त्याचा केवढा माजोरी दीर करून ठेवला होता. तिला त्याची कीव आली, स्वतःचा राग आला, आणि त्यातच हेही सुचलं की आता फक्त एवढं मोठ्याने बोललं की खटला आपला. हे सुचलं म्हणून तर ती आणखीच घाबरली. नकळत तिच्या तोंडून हुंदका निसटला.

समोर थोरलीचा हात झटकन स्वतःच्या कानाकडे गेला. तिने मान वर केली. रिकाम्या मधल्या जागेवरून दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं. दोघींनाही कळलं की दुसरीला सगळं कळलंय. पण म्हणजे आता कुणी काय करायचं, हे दोघींपैकी एकीलाही कळत नव्हतं.

"थोरले, तुम्ही बोला," कारभारी म्हणाले.

थोरला भिंत धरून उठला. त्याने आवाज भिंतीवरून घुमून आला त्या दिशेला तोंड केलं, पण कारभारी दुसऱ्याच बाजूला बसले होते. धाकटीशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"खुंटी आहे तिथं राहू दे," तो म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही."

गाव हिरमुसलं. एवढ्या तयारीने भांडण बघायला आलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कारभारी मात्र खूश होते. "बघा," ते म्हणाले, "गार जागेत डोकी गार राहतात. बाई, तुम्ही जिंकलात." नकाशेबाईने ते लिहून घेतलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती बिचारी ज्याला त्याला हात जोडत होती.

बाहेर ऊन होतं तसंच होतं. धाकटा बायकोच्या पुढे चार पावलं चालत घरी गेला. जेवला नाही आणि रागावलाही नाही. रागावला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. ती भिंतीला कान लावून बसली, पण ही साधी भिंत होती. पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, एवढंच ऐकू आलं.

सकाळी ती वेलांना पाणी घालत होती. दोन हात जास्तीची जमीन खुंटीपर्यंत पडली होती आणि तिकडं बघायला तिला नको वाटत होतं. ओढ्याच्या बाजूने घुंगरं वाजली. थोरला नांगर घेऊन आला होता, एकटाच. बैलाच्या पाठीवर हात टाकून तो चालत होता आणि बैलच त्याला आणत होते.

"धाकटे, आहेस का तिथं?"

इतक्या वर्षांत त्याने तिला अशी थेट हाक कधी मारली नव्हती. काही सांगायचं तर भिंतीला किंवा भावाला सांगायचा.

"आहे, दादा."

"पेरणीआधी हद्दीची रेघ मारून ठेवावी म्हणतो. खुंटीपाशी उभी राहा आणि आवाज देत राहा. तुझ्या आवाजावर येतो. मला दिसत नाही, ते तुला ठाऊकच आहे. रेघ वाकडी झाली तर गाव विचारेल."

ती खुंटीपाशी गेली. खुंटीला हात लावला, हलवली आणि उपटली. मग अलीकडे वळली. दोन हात. की अडीच? तिने स्वतःच खणून, भिजवून, वेल पसरून त्या चट्ट्याचा मागमूस ठेवला नव्हता. ती एकदा इथं थांबली, एकदा तिथं थांबली. पायांनी माती दाबून बघितली. सगळी माती सारखीच मऊ लागली. सासऱ्याने काठी कुठं रोखली असेल, बाईने करवत कुठं लावली असेल, काही केल्या तिला आठवेना.

"धाकटे?" तो ओरडला. बैल फुरफुरले.

मग ती आणखी आत गेली, चुकलंच तर आपल्या अंगावर चुकू दे म्हणून, फुलावर आलेल्या दोडक्याच्या मधोमध, आणि उभी राहिली.

"या दादा. इकडं. या."

नांगर निघाला. ती बोलत राहिली, या, या, आणि तो मान तिरकी करून तिच्या आवाजाकडे येत राहिला. रेघ सुतासारखी सरळ येत होती. बैलांनी पहिला वेल तुडवला, दुसरा फाळात अडकून तुटला, तसा तो थांबला. त्याने पायाने चाचपून बघितलं.

"अगं, वेल लागतोय पायाला. तू कुठं उभी आहेस?"

"वारुळापाशी," धाकटी म्हणाली. "या तुम्ही."

त्याने बैलांना हाक दिली.